फीडबॅक, गुगल फॉर्म आणि एसटी

आयटीतल्या माणसाला नातेवाईक दोनच कामं सांगतात. लॅपटॉप स्लो झालाय तेवढा बघ, नाहीतर एक फॉर्म बनवून दे. यावेळी फुलंब्रीला घरी गेलो तर दुसरं काम वाट बघत होतं. माझी मावसबहीण जवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. (म्हणजे जितके तास तितके पैसे, आणि दरवर्षी नव्याने नेमणूक.) तिच्याकडे पर्यावरणाचा विषय, वर्गात आर्ट्स, कॉमर्स, सायन्स सगळे एकत्र. "पोरांचा फीडबॅक घ्यायचाय रे, फॉर्म करून दे पटकन," ताई म्हणाली.

हा पेपर तुम्हीही दिला असेल, बहुतेक आदल्या रात्री वाचून. पण विषयामागची गोष्ट मोठी आहे. एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. पुढे यूजीसीने सगळ्या शाखांसाठी एकच अभ्यासक्रम केला, पुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एरक भरुचांनी. एकूण ५० तास, आणि त्यातले ५ तास वर्गाबाहेर... जवळची नदी, डोंगर, एखादी घाण झालेली जागा बघायला. कागदावर इतका छान विषय आणि आपण त्यात पास होण्यापुरते मार्क बघितले!

असो. तर फॉर्म. नॅकच्या २०१७ च्या नव्या पद्धतीत विद्यार्थ्यांचं समाधान तपासणारी प्रश्नावली आली. २० प्रश्न पर्यायांचे आणि २१ वा मोकळा, सुधारणेसाठी तीन सूचना लिहा म्हणून. ताईने दाखवलेला जुना फॉर्म त्याच धर्तीचा होता. एक्सेल उघडली तर वरपासून खालपर्यंत ४, ४, ४. मोकळ्या रकान्यात "नो", "गुड", "नाही मॅडम". असा डेटा आमच्या प्रोजेक्टमध्ये आला असता तर टेस्टरने सर्व्हर बंद आहे का विचारलं असतं.

कारण उघड होतं. फॉर्म कॉलेजच्या ईमेलने उघडायचा, वर रोल नंबर टाकायचा, आणि अंतर्गत गुण द्यायचे ताईनेच. कोण लिहील खरं? आणि खरं लिहिलंच तर तो कागद प्राचार्यांकडे, पुढच्या नेमणुकीच्या वेळी. म्हणजे घाबरलेली पोरं घाबरलेल्या मास्तरणीला मार्क देणार.

मला त्याहून अडचणीची वाटली ती सरासरी. सायन्सवाल्यांना पहिले धडे बारावीचेच वाटत असतील, आर्ट्सच्या मुलांना पीएच म्हणजे काय तेच कळत नसेल, आणि दोघांची सरासरी काढली की विषय "चांगला" ठरणार. मिश्र वर्गाचा फीडबॅक शाखेनुसार वेगळा बघितल्याशिवाय काही अर्थ नाही. मी लगेच शाखेचा प्रश्न टाकला. ताईने तो बघितला आणि म्हणाली, "कॉमर्सच्या तीनच मुली आहेत वर्गात. नाव नाही लिहिलं तरी कळेल की मला."

बरोबर होतं तिचं. डेटाच्या धंद्यात यासाठी साधा नियम असतो, गट फार लहान असेल तर तो वेगळा दाखवायचाच नाही. मग "सायन्स" आणि "इतर" असे दोनच पर्याय ठेवले. ईमेल बंद, रोल नंबर काढला. आणि शेवटी फॉर्मच काढून टाकला राव! त्याऐवजी कोऱ्या चिठ्ठ्या. अमेरिकेत पॅट्रिशिया क्रॉस आणि थॉमस अँजेलो यांनी "एक मिनिटाचा पेपर" लोकप्रिय केला, तासाच्या शेवटी दोन छोटे प्रश्न. तसंच. कळलेलं काय, अडलेलं काय, तेही मराठीत, आणि सत्र निम्मं झालेलं असताना. सत्र संपल्यावर विचारलं तर सांगणाऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही, फायदा झालाच तर पुढच्या बॅचला.

पुढच्या शनिवारी ताईने फोनवर चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. "इंग्रजी शब्द मराठीत सांगा." "आमच्या गावात टँकर येतो, त्याचं कधी शिकवणार?" "गिरजा नदीवर न्या." एकाने नुसतं "समजतंय" लिहिलं होतं. आणि बऱ्याच चिठ्ठ्यांत एकच तक्रार: तास शेवटचा आहे, थांबलं तर गावाकडची एसटी चुकते. मुली तर तास अर्धा झाला की दप्तर भरून बसतात. हा प्रश्न कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता, आणि वर्षभर ताईला वाटत होतं की पोरांना विषयात रस नाही.

सोमवारी तिने चारही गोष्टी फळ्यावर लिहिल्या. नदी आणि मराठी शब्द, होईल. टँकरवर पोरांनीच आपापल्या गावची माहिती आणायची. वेळापत्रक तिच्या हातात नाही, तसं तिने सरळ सांगितलं, आणि चिठ्ठ्या घेऊन ती ऑफिसात गेली. अजून तास शेवटचाच आहे.