हुडकेश्वराहून कावेरीकांठीं

नागपूर शहराच्या आग्नेय अंगास हुडकेश्वर म्हणून वस्ती आहे. एके काळीं तें शेतांनीं वेढलेलें खेडें होतें. आतां तें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें असून, जेथें तूर आणि ज्वारी डोलत असे तेथें घरांच्या ओळी उभ्या आहेत. या भागांतील मध्यम स्थितीच्या गृहस्थाचा संसार किती पुढें गेला, हें त्याच्या घराकडे पाहूनच सांगतां येतें. प्रथम भूखंड, मग दोन खोल्या, मग कुंपणाची भिंत, आणि शेवटीं गच्चीवर आकाशाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या लोखंडी सळया. या सळया म्हणजे पुढें कधीं तरी चढावयाच्या माडीचें वचन होय. बहुतेक कुटुंबांत याच सुमारास घरधन्याची पन्नाशी जवळ येते, आणि हातीं आलेला पैसा कोठें घालावा हा प्रश्न उभा राहतो. माडी आज चढवावी, कीं माडी राहूं देऊन सर्वांनीं मिळून एकदां बाहेर पडावें? आम्हीं दुसरा मार्ग पत्करला. तो कां पत्करला आणि त्यापासून काय लाभलें, हें आमच्यासारख्याच स्थितींतल्या वाचकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाची स्थिति मोठी विलक्षण असते. त्याच्या वरची पिढी थकत चाललेली असते, आणि खालची पंख फुटून उडण्याच्या बेतांत असते. दोघांच्या काळजीनें त्याचें स्वतःचें पान निवून जातें. आमच्या घरीं मातोश्रींस अठ्ठ्याहत्तरावें वर्ष लागलेलें. कन्येचें शिक्षण संपून ती पुण्यास नोकरीवर रुजू व्हावयाची होती, चिरंजीव नववींत. तीर्थरूप निवर्तल्यास तीन वर्षें झालीं होतीं, आणि तेव्हांपासून मातोश्रींचें अन्नावरचें मन उडालें होतें. पान वाढलें कीं त्या येऊन बसत, चार घास घेत आणि "पुरे" म्हणून उठत. डॉक्टरांनीं सर्व तपासण्या केल्या. वयोमानाप्रमाणें गुडघे दुखत, साखर थोडी अधिक होती, पण भूक मरावी असें कांहीं निघालें नाहीं. ज्या हातांनीं केलेला गोळाभात खाण्यासाठीं आप्तेष्ट मुद्दाम मुक्काम वाढवीत, ते हात आतां ताटांत नुसते भात चिवडीत बसत.

आमच्या देवघरांत एक तांब्याचा गडू होता. तीर्थरूप हयात असतांना तीं दोघें काशीस जाऊन आलीं होतीं, तेव्हांचें गंगाजळ त्यांत होतें. काशीचें गंगाजळ रामेश्वरास वाहावयाचें, रामेश्वरची सेतूची वाळू प्रयागास नेऊन गंगेंत सोडावयाची, तेव्हां यात्रा पुरी झाली अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. यात्रेचा पहिला अर्धा भाग झाला. दुसरा राहून गेला. मातोश्रींनीं त्याविषयीं कधीं शब्द काढला नाहीं. पण रोज देव पुसतांना त्या तो गडूहि पुसून पुन्हां जागच्या जागीं ठेवीत. एके रात्रीं आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, माडी पुढच्या वर्षीं चढेल, त्याच्या पुढच्याहि वर्षीं चढेल. आईंना घेऊन जाणें मात्र पुढच्या वर्षावर टाकूं नये. आणि मुलगी एकदां नोकरीला लागली म्हणजे तिची रजा तिच्या हातीं नाहीं." या दोन वाक्यांपुढें आमचा हिशेब टिकला नाहीं.

डिसेंबरच्या अखेरीस आम्ही पांच जणें मद्रासकडे, म्हणजे आतांच्या चेन्नईकडे, जाणाऱ्या गाडींत बसलों. बरोबर दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, तिळाची चटणी आणि संत्र्यांची एक मोठी पिशवी. बल्लारशाह सुटतांच वर्धा नदी लागली, दिवे लागल्यावर गोदावरी, आणि झोंपण्याच्या वेळीं विजयवाड्याची कृष्णा. प्रत्येक पुलाचा खडखडाट सुरू झाला कीं मातोश्री उठून बसत आणि अंधाराकडे पाहून हात जोडीत. इतक्या नद्या त्यांना नांवानें ठाऊक होत्या. स्नानाच्या वेळीं रोज त्यांचें स्मरण करीत. परंतु त्या अशा एकामागून एक आपल्याखालून वाहत जातात, हें त्यांनीं प्रथमच अनुभवलें.

उष्ण कटिबंध म्हटला म्हणजे आपल्यापुढें नारळीचीं बनें आणि समुद्र उभा राहतो. वास्तविक कर्कवृत्त नागपूरच्या बरेंच उत्तरेस असल्यामुळें आमचें हुडकेश्वरहि उष्ण कटिबंधांतच मोडतें. पण आमचा उष्ण कटिबंध कोरडा. वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढावा आणि थंडींत रात्रीं शेकोटी पेटवावी, असा त्याचा स्वभाव. चेन्नईस गाडी बदलून आम्ही तंजावरच्या वाटेस लागलों, तेव्हां त्याचें दुसरें रूप दिसलें. तिकडे मुख्य पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पडतो; त्यामुळें आमच्याकडे गवत पिवळें पडण्याच्या दिवसांत तेथें कावेरीच्या फांट्यांतून पाणी खेळत होतें आणि दोन्ही अंगांस भाताचीं हिरवीं शेतें क्षितिजापर्यंत पसरलीं होतीं. लोकरीचे कपडे पेटींत गेले. मातोश्री खिडकीशीं बसून म्हणाल्या, "अरे, इथं तर पौषांत श्रावण आहे."

भाषेनें पहिली गंमत केली ती भोजनगृहांत. विदर्भांत कोथिंबिरीस सांबार म्हणतात. आमच्याकडची सांबारवडी प्रसिद्धच आहे. वाढप्यानें केळीच्या पानावर भात वाढून "सांबार?" असें विचारतांच मातोश्रींनीं मान डोलावली, त्यांना वाटलें, हा वर चिरलेली कोथिंबीर भुरभुरणार. त्याऐवजीं भातावर चिंचेच्या आमटीचा ओघ आला. मुलें खदखदून हंसलीं, आणि फार दिवसांनीं मातोश्रीहि हंसल्या. या पदार्थाच्या नांवाविषयीं तंजावरकडे एक आख्यायिका सांगतात. संभाजी महाराजांच्या स्वागतासाठीं आमटी करतांना आमसूल मिळालें नाहीं, म्हणून चिंच घातली आणि पाहुण्यांचें नांव त्या पदार्थास पडलें. इतिहास म्हणून ती गोष्ट कोणी मानूं नये. परंतु जेवतांना ऐकावयास ती गोड लागते.

तंजावराशीं मराठी माणसाचा संबंध मात्र आख्यायिकेचा नव्हे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांनीं १६७६ च्या सुमारास तेथें गादी स्थापिली आणि ती १८५५ पर्यंत चालली. आम्हां नागपूरकरांस तर या भागाशीं आणखी एक धागा आहे. १७४० सालीं नागपूरकर रघूजी भोसले मोठी फौज घेऊन कर्नाटकांत उतरले. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास कैद केलें. आडनांव एक असलें तरी नागपूरचे आणि तंजावरचे भोसले हीं घराणीं निरनिराळीं. दोघांचा शेवट मात्र सारखाच झाला. औरस वारस नाहीं या सबबीवर इंग्रजांनीं १८५४ सालीं नागपूर खालसा केलें, आणि पुढच्याच वर्षीं तंजावरचे शेवटचे राजे वारल्यावर तेंहि राज्य संपलें. हें आम्हीं गाडींत मुलांस सांगितलें. पाठ्यपुस्तकांत वाचतांना जांभया देणारा आमचा चिरंजीव रघूजींची वाट नकाशावर बोटानें काढूं लागला.

राजराज चोळानें १०१० सालीं पुरें केलेलें बृहदीश्वराचें देऊळ आम्हीं सकाळींच पाहिलें, कारण दुपारीं तेथील फरशीवर अनवाणी पाय ठरत नाहीं. शिखराची उंची दोनशें फुटांच्या वर. मान मागें टाकून पाहतांना डोळे फिरतात. पण आमच्या मातोश्रींना जें दिसलें तें निराळेंच. चार दिवस त्या अक्षरओळख नसलेल्या माणसाप्रमाणें वावरत होत्या. गाडीची पाटी, दुकानाचें नांव, देवळांतील सूचना, कांहींच वाचतां येत नव्हतें. आवाराच्या नैर्ऋत्य बाजूस भिंतीवर त्यांची नजर गेली आणि त्या थबकल्या. दगडांत ओळींमागून ओळी देवनागरी अक्षरें! दुसऱ्या सरफोजीराजांनीं १८०३ सालीं कोरविलेलें हें भोसलेवंशाचें मराठी चरित्र. जगांतील अति मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. मातोश्रींनीं चष्मा पुसला, आणि भिंतीस हात न लावतां, हवेंत बोट फिरवीत, एकेक अक्षर जुळवून मोठ्यानें वाचावयास आरंभ केला. दोन्ही नातवंडें दोहों अंगांस उभीं होतीं. त्यांना जें अडे तें त्या सांगत. त्यांना जें अडे तें नात सांगे. घरापासून सुमारें १,४०० किलोमीटरांवर तीन पिढ्या एका भिंतीसमोर उभ्या राहून मराठी वाचीत होत्या. या अर्ध्या घटकेची किंमत विटांत कशी करावी, हें आम्हांस कळत नाहीं.

दुसरे दिवशीं एका स्नेह्यांच्या ओळखीनें तेथल्या एका जुन्या मराठी कुटुंबांत जेवावयाचा योग आला. साडेतीन शतकें तमिळ मुलुखांत काढून या लोकांनीं घरांत मराठी राखली आहे. तिचे हेल तमिळ झाले असून कित्येक शब्द आपल्याकडे जुन्या कागदांतच सांपडतील असे आहेत. पण ज्यांचें बोलणें समजण्यास प्रयास पडले, त्यांचें पान समजण्यास पडले नाहींत. डांगर होतें, आंबट भाजी होती, आणि शेवटीं पुरणाची पोळी. तमिळ घरांतहि पोळीस पोळीच म्हणतात, आणि वांग्याच्या किंवा कारल्याच्या ज्या पदार्थास तेथें पिटलै म्हणतात तें नांव आपल्या पिठल्यावरून गेलें असावें असें पुष्कळ जण मानतात. घरच्या आजीबाई मातोश्रींच्याच वयाच्या. त्या वाढतां वाढतां म्हणाल्या, "आमच्या हातचें तुमच्याकडल्यासारखें लागतें काय?" मातोश्रींनीं घास घेतला, थोड्या थांबल्या, आणि म्हणाल्या, "डांगर आणखी वाढा." तीन वर्षांत आमच्या कानीं न पडलेला शब्द त्या दिवशीं पडला. आमच्या सौभाग्यवतींनीं पाण्याचें भांडें तोंडास लावून डोळे लपविले.

जेवणानंतर त्या दोघी वृद्धा ओसरीवर बसून हिंग, मेथ्या आणि चिंच यांविषयीं तासभर बोलत होत्या. पाककलेस या नगरींत मान मोठा. सतराव्या शतकांतील रघुनाथ नवहस्तांचा 'भोजनकुतूहल' हा ग्रंथ पुष्कळांस ठाऊक असेल, आणि खुद्द सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यांतील पाककृतींचें मराठी हस्तलिखितहि सरस्वती महाल ग्रंथालयानें जपलें आहे. तें ग्रंथालय पाहतांना आम्हांस सरफोजीराजांची एक गोष्ट विशेष मननीय वाटली. १७७७ सालीं जन्मलेल्या या राजानें १७९९ च्या तहानें राज्यकारभार गमावला; हातीं किल्ला आणि वाडा एवढेंच राहिलें. तरी त्यानें हळहळत बसण्याऐवजीं पोथ्या जमविल्या, वैद्यक अभ्यासिलें, आणि १८२० च्या सुमारास, म्हणजे चाळिशी नुकतीच उलटली असतां, मोठा लवाजमा घेऊन काशीची यात्रा केली. त्या काळीं रेल्वे नव्हती. महिनोन् महिने वाटेंत जात. ज्याचें राज्य गेलें त्यानेंहि यात्रेस योग्य वय कोणतें हें ओळखलें होतें.

तंजावराहून आम्ही रामेश्वरास गेलों. समुद्रावरील पांबनचा १९१४ सालचा जुना पूल आतां गाड्यांस बंद असून, ६ एप्रिल २०२५ रोजीं खुल्या झालेल्या नव्या पुलावरून गाडी जाते. दोहों अंगांस निळें पाणी. आमच्या चिरंजीवानें समुद्र प्रथम पाहिला तो असा, रुळांच्या दोन्ही बाजूंस. देवळांतील बावीस तीर्थांचें स्नान मातोश्रींच्या गुडघ्यांस झेपण्यासारखें नव्हतें. त्यांनीं हातांवर पाणी घेऊन प्रोक्षण केलें. मग पुजाऱ्यांच्या हातीं गडू दिला. त्यांतलें गंगाजळ पिंडीवर पडलें तेव्हां त्या रडतील असें आम्हांस वाटलें होतें. पण त्या शांत होत्या. बाहेर आल्यावर एवढेंच म्हणाल्या, "त्यांचं राहिलेलं झालं." दुसरे दिवशीं आम्हीं धनुष्कोडी पाहिली. १९६४ च्या डिसेंबरांतील वादळानें हें नांदतें गांव एका रात्रींत बुडविलें. भग्न भिंती अद्याप वाळूंत उभ्या आहेत. बांधलेली वास्तु शाश्वत असते असें ज्यांस वाटतें, त्यांनीं ती एकदां अवश्य पाहावी.

आतां वाचकांस चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून हा लेख पुरा करितों. वडील माणसें बरोबर असतील तर एका गांवीं निदान दोन रात्री काढाव्या. धांवपळीनें यात्रा होते, पण आनंद होत नाहीं. रेल्वेंत ज्येष्ठ प्रवाशांस आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांस खालचा बाक देण्याची सोय आहे, तिचा लाभ आधींच तिकिटें काढून घ्यावा. औषधें पेटींत न ठेवतां हाताशीं असलेल्या पिशवींत ठेवावीं. भर दुपार विश्रांतीस द्यावी. आणि ज्या प्रांतीं जावें त्या प्रांतींचें अन्न मोकळ्या मनानें चाखावें. घरचा फराळ आडवेळेस असावा, जेवणाच्या वेळेस नसावा. परक्या पानावर आपली ओळखीची चव सांपडते, तेव्हां मेलेली भूकहि कधीं कधीं जागी होते.

पैसा पुन्हां मिळतो आणि माडीहि केव्हां तरी चढते. वडील माणसांचे पाय चालते आहेत, मुलें अद्याप आपल्या हातीं आहेत, आणि आपल्या स्वतःच्या जिभेस चव आहे, असा काळ मात्र आयुष्यांत थोडाच असतो. तो पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे येतो आणि न सांगतां निघून जातो. निवृत्त झाल्यावर जाऊं म्हणणाऱ्यांस तेव्हां सवड पुष्कळ मिळेल, पण बरोबर कोण असेल हें कोणास सांगतां येणार नाहीं.

कन्या आतां पुण्यास आहे. दर रविवारीं ती आजीस डांगर कसें करावें हें दूरध्वनीवर विचारते. देवघरांतला गडू रिकामा राहिला नाहीं. त्यांत मातोश्रींनीं सेतूची वाळू भरून ठेविली आहे, आणि ती प्रयागास केव्हां न्यावयाची हें त्या आम्हांस रोज, जेवतां जेवतां, विचारीत असतात.