ब्रेक सोडण्याची विद्या

मोटारींच्या शर्यतीचा अभ्यास म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर किती निर्भयपणे दाबता येतो याचा अभ्यास, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु संगणकाच्या पडद्यासमोर स्टिअरिंग आणि पेडल मांडून जो कोणी सिम रेसिंगची नित्यनेमाने उपासना करील, त्याची पुढेमागे अशी खात्री पटल्यावाचून राहणार नाही की, सरळ पट्ट्यावर पाय दाबून धरणे कोणालाही साधते, ठरल्या जागी ब्रेक जोराने दाबणेही थोड्या तालमीने साधते, आणि दोन चालकांत खरे अंतर जर कोठे पडत असेल, तर ते दाबलेला ब्रेक कोण किती सावकाशीने व किती प्रमाणबद्धतेने सोडतो, येथे पडते. माझा या विद्येतील सारा अभ्यास याच एका क्रियेभोवती स्थिरावला आहे, आणि गती सुधारू इच्छिणाऱ्याने सरावाचा मोठा हिस्सा तिलाच द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

याचे कारण टायरच्या स्वभावात आहे. रस्ता धरून ठेवण्याची टायरची शक्ती मुक्रर असते. त्याच शक्तीतून वेग आवरायचा आणि त्याच शक्तीतून गाडी वळवायची, तेव्हा ब्रेककडे अधिक खर्ची पडले तर वळणाकडे कमी उरणार, हे उघड आहे. मात्र हा जमाखर्च साध्या वजाबाकीने मांडता येत नाही. वेग आवरण्याची दिशा आणि वळण्याची दिशा एकमेकींशी काटकोनात असल्यामुळे येथे पायथागोरसचा सिद्धान्त लागू पडतो, आणि त्याअन्वये 80 टक्के शक्ती ब्रेककडे गुंतलेली असतानाही वळणासाठी 20 ऐवजी 60 टक्के शिल्लक राहते. ब्रेक 60 टक्क्यांवर आणला की वळणाला 80 मिळते. आणि ब्रेकचा 20 टक्के अंश वळणात खोलवर राखला, तरी वळण्याच्या शक्तीतून जेमतेम 2 टक्के वजा होतात. खऱ्या टायरचा हिशेब याहून गुंतागुंतीचा असला, तरी त्यातील बोध कायम राहतो: वळणात शिरताना शिल्लक ठेवलेला हलका ब्रेक जवळजवळ विनामूल्य मिळतो, आणि शिवाय गाडीचा भार पुढच्या चाकांवर राखून तिचे नाक वळणाच्या आत आणतो. जो चालक स्टिअरिंग वळवताच पाय एकदम उचलतो, त्याच्या गाडीचा भार झटक्याने मागे जातो, पुढची चाके हलकी होतात आणि गाडी बाहेरच्या कडेकडे सरकू लागते. स्टिअरिंगचा कोन जसजसा वाढेल तसतसा ब्रेक उतरवीत नेण्याच्या या क्रियेला जाणकार ट्रेल ब्रेकिंग म्हणतात.

तिच्या तालमीसाठी मला बेल्जियममधील स्पा-फ्रँकोरशाँ हा 7.004 किलोमीटरचा ट्रॅक सर्वांत उपकारक वाटतो. तेथील ओ रूजच्या चढाची कीर्ती सर्वदूर आहे; परंतु अभ्यासकाने मुक्काम करावा तो केमेलच्या लांब पट्ट्यानंतरची वळणे ओलांडून उतारावर येणाऱ्या ब्रुक्सेल या उजव्या वळणाशी. हे वळण इतके लांबलचक आहे, आणि उतारामुळे गाडी बाहेर जाण्याचा इतका हट्ट धरते, की पायाची प्रत्येक घिसाडघाई तेथे तत्काळ उघडकीस येते. प्रारंभी ब्रेकचा पूर्ण दाब द्यावा. गाडी अजून सरळ असतानाच त्यातील थोडा अंश कमी करावा. स्टिअरिंग वळू लागले की पायाची टाच न हलवता केवळ चवड्याचा भार विरळ करीत जावे. आणि वळणाच्या आतल्या कडेचा सर्वांत जवळचा बिंदू, ज्याला एपेक्स म्हणतात, तो येईपर्यंत पेडलवर पायाचा नुसता स्पर्श उरावा. हे साधले की गाडी जणू आपण होऊन वळते, हाताला अधिक कोन मागावा लागत नाही, आणि पुढील डाव्या वळणासाठी ती योग्य जागी येऊन उभी राहते.

खऱ्या गाडीत ही क्रिया अंगाला कळते. पडद्यासमोरच्या आसनाला तो लाभ नसल्यामुळे इतर इंद्रियांना अधिक सजग करावे लागते. ज्या पेडलात लोड सेल बसवलेला असतो ते पाय किती अंतर गेला याऐवजी किती जोर लागला याची नोंद घेते, आणि पायाला अंतरापेक्षा जोर अधिक चांगला स्मरतो, म्हणून साहित्यावर खर्च करायचाच असेल तर तो प्रथम तेथे करावा. पुढच्या चाकांनी मर्यादा ओलांडली की स्टिअरिंगचा प्रतिकार सैल पडतो; हा इशारा ओळखण्यास हाताला शिकवावे. पडद्यावरील दृश्याचा कोनही बसण्याच्या अंतराबरहुकूम असावा: 27 इंची पडदा डोळ्यांपासून 60 सेंटिमीटरवर असेल, तर तो कोन आडवा सुमारे 53 अंश येतो. त्याहून पुष्कळ मोठा कोन ठेवल्यास वेगाचा थरार वाढतो खरा, परंतु वळणे असतात त्याहून दूर भासतात, आणि ब्रेकची जागा ठरवणारी नजरच फसते.

सरावाअंती टेलिमेट्रीचे दफ्तर उघडावे. तेथे ब्रेकच्या दाबाची रेषा आलेखावर उमटलेली असते: चढताना ती कड्यासारखी उभी असावी, उतरताना मात्र दीर्घ उतरंडीने शून्याला यावी, आणि तिच्या उतरण्याबरोबर स्टिअरिंगची रेषा चढत जावी. या दोन रेषांची रुजुवात पाहिल्यावाचून केवळ लॅपच्या वेळेवरून आपली प्रगती जोखू नये, कारण वेळ दैवयोगानेही कमी होते, रेषेची घडण मात्र शिस्तीवाचून होत नाही. गाडी तीच, इंधन तेवढेच, हवामान तेच ठेवून एकाच वळणाकडे पुनःपुन्हा जाण्याची जी मुभा सिम्युलेटर देतो, ती खऱ्या ट्रॅकवर भल्याभल्यांनाही दुर्लभ असते.

ही विद्या पडद्यापुरती राहत नाही, याला पुरावा आहे. काझुनोरी यामाउची यांच्या ‘ग्रान तुरिस्मो’ या 1997 साली सुरू झालेल्या खेळातून चालक निवडण्यासाठी 2008 मध्ये जी स्पर्धा भरली, तिचा पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ पुढे 2011 च्या ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत उतरला, आणि त्याच्या संघाने आपल्या वर्गात दुसरे स्थान मिळवले. घरच्या खोलीत कमावलेला पाय खऱ्या ट्रॅकच्या कसोटीस उतरू शकतो, हे त्याने दाखवून दिले.

पडद्यावर गाडी आदळली तरी रक्त सांडत नाही, म्हणून तेथे धाडस स्वस्त असते, आणि धाडसाने शिकता येण्याजोगे होते ते बहुतेक सर्वांचे लवकरच शिकून होते. त्यापुढची वाट संयमाची आहे, आणि तेथे भीती धाक घालीत नसल्यामुळे तो संयम ज्याचा त्यालाच स्वतःवर लादून घ्यावा लागतो. म्हणून नवोदिताला माझे सांगणे एवढेच की, त्याने आज एक वळण निवडावे, ब्रेक नेहमीपेक्षा थोडा आधी दाबावा, आणि तो सोडण्यास मात्र नेहमीपेक्षा अधिक वेळ घ्यावा. या दोन गोष्टी पायात मुरल्या की वेग आपसूक येतो, आणि आलेला वेग टिकतो.