स्टोव्हची डागडुजी

जुन्या वस्तूंवर माया करणें ही सुखवस्तु माणसाची एक निरुपद्रवी हौस समजली जाते. आजोबांचें घड्याळ मागें पडलें तर फार तर वेळ चुकते. आजीचा पानडबा मोडला तर विडा तबकांत ठेवतां येतो. पण जी वस्तु विस्तवाशीं खेळते, तिच्यावरील मायेचा हिशेब निराळा ठेवावा लागतो. आमच्या घरच्या प्रायमस स्टोव्हच्या बर्नरला गेल्या वर्षीं भेग आढळली, तेव्हां हा हिशेब मांडण्याची पाळी आमच्यावर आली.

वाचकांपैकीं ज्यांनीं पन्नाशी ओलांडली आहे, त्यांना या यंत्राची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. पितळेची गोल टाकी, तिच्या कुशीला पंप, मधोमध बर्नर आणि त्याच्या मानेला लावावयाचा स्पिरिटचा काकडा, हा सारा संसार त्यांच्या परिचयाचा आहे. तरुण वाचकांसाठीं एवढेंच सांगतों कीं, १८९२ सालीं स्टॉकहोममध्यें फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यानें बनविलेल्या या स्टोव्हला वात नाहीं. टाकींत दाबलेली हवा रॉकेलला वर रेटते. तापलेल्या बर्नरच्या नळ्यांतून जातांना त्याची वाफ होते. आणि ती सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून सुटून निळ्या ज्योतीनें जळते. त्याच ज्योतीनें नळ्या तापत्या राहतात. म्हणजे हा स्टोव्ह आपलें इंधन आपल्याच आंचेवर शिजवून घेतो. नान्सेन १८९५ सालीं उत्तर ध्रुवाच्या रोखानें बर्फावरून चालत निघाला तेव्हां, आणि आमुंडसेन १९११ सालीं दक्षिण ध्रुवावर पोहोंचला तेव्हां, बर्फाचें पाणी करण्याचें काम याच जातीच्या स्टोव्हकडे होतें.

आमच्या स्टोव्हनें ध्रुव पाहिले नाहींत. त्यानें राजगड आणि तोरणा पाहिले. आमचे वडील बंधु तो गोणपाटांत गुंडाळून पाठीवर वाहून नेत, आणि गडावरच्या वाऱ्यांत त्याची घरघर सुरू झाली कीं सोबतच्यांचा शीण अर्धा उतरे. बंधु गेल्यापासून तो माळ्यावर पडून होता. त्यांच्या मुलीनें तो खालीं काढला, चिंचेनें घासून लख्ख केला आणि जाहीर केलें, “काका, पुढच्या महिन्यांत राजगडावर मुक्काम आहे. बाबांचा स्टोव्ह मी नेणार.”

आधीं अंगणांत पेटवून पाहावा, असें ठरलें. पहिलीं चार-पांच मिनिटें ज्योत निळी आणि स्थिर होती. मग बर्नरच्या मानेजवळ, जेथें ज्योतीचें कांहींच काम नाहीं तेथें, एक पिवळी जीभ बाहेर आली. चावी सैल करून हवा सोडली. बर्नर निवल्यावर भिंगाखालीं धरला, तेव्हां नळी जेथें सांधली होती तेथें केंसाएवढी भेग दिसली.

अशी भेग एका दिवसांत पडत नाहीं. पितळ तापलें कीं पसरतें, निवलें कीं आकसतें; वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीनें तें सांध्याजवळ थकतें. रॉकेलची काजळी नळींत धरते, वाट अरुंद होते आणि तेवढा भाग वाजवीपेक्षां जास्त तापतो. त्यांत उतू गेलेलें दूध लाल तापलेल्या बर्नरवर सांडलें कीं जो चर्र आवाज होतो, तो ज्यांनीं ऐकला आहे त्यांना अधिक सांगावयास नको. थंड असतां भेग मिटलेली राहते आणि ऐन आंचेंत उघडते, हा तिचा खरा दगा.

ती पाहतांना आम्हांला एके काळच्या वर्तमानपत्रांतील एक ठराविक बातमी आठवली. स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली, एवढ्या दोन ओळींत एक संसार संपत असे. त्यांतले कांहीं खरोखरच अपघात होते. कांहींत माणसाचा हात होता आणि नांव स्टोव्हचें होतें. हुंडाबळीचें स्वतंत्र कलम दंडविधानांत यावयास १९८६ साल उजाडावें लागलें. परंतु खोट्या भडक्यांनीं खऱ्या भडक्याचें भय कमी होत नाहीं. पदर खोंचून स्टोव्हपुढें बसणाऱ्या आमच्या आईच्या डोळ्यांत तें भय रोज असे.

या बर्नरच्या मापाचा नवा बर्नर बाजारांत मिळाला नाहीं. एका दुकानदारानें कथिलाचा डाख लावून देण्याची तयारी दाखविली. पण शिसें मिसळलेलें कथील १८३ अंश सेंटिग्रेडलाच मऊ पडूं लागतें, आणि रॉकेलची पुरी वाफ व्हावयास त्याहून जास्त उष्णता लागते. असा डाख पहिल्याच चहाला वितळून पडेल. अखेर पुण्याच्या तांबट आळींतील एका वृद्ध कारागिराकडे आम्ही गेलों.

त्यानें प्रथम बर्नर तापवून आंतली काजळी झाडली, कारण काजळीवर कोणताहि डाख धरत नाहीं. मग भेग घासून स्वच्छ केली, टांकणखार लावला आणि चांदीच्या डाखाचा बारीक तुकडा वर ठेवला. हा डाख वितळावयास ६०० अंशांहून अधिक आंच हवी, आणि ती केवळ भेगेला देऊन भागत नाहीं. भोंवतालचें पितळहि तितकेंच लाल व्हावें लागतें. एक सांधा जोडतांना शेजारचे जुने सांधे सुटूं नयेत म्हणून त्यानें त्यांना ओल्या मातीचे लेप दिले. चांदी पाण्यासारखी झाली आणि क्षणांत भेगेनें ती ओढून घेतली. नंतर छिद्रें बंद करून, आंत हवा भरून बर्नर पाण्यांत बुडविला. एकहि बुडबुडा आला नाहीं. स्टोव्हवर चढवून अर्धा तास पेटविला, तेव्हांहि पिवळी जीभ दिसली नाहीं.

आम्ही समाधानानें पैसे काढूं लागलों, तों तो म्हणाला, “डाख पक्का आहे. पण मी भेग सांधली. तिच्या शेजारचें पितळ जुनेंच आहे. तें नवें करणें माझ्या हातीं नाहीं.”

घरीं येऊन आम्हीं हें पुतणीला जसेंच्या तसें सांगितलें आणि स्टोव्ह गडावर न्यावयाचा नाहीं, असेंहि सांगितलें. तिचा चेहरा उतरला. “म्हणजे बाबांचा स्टोव्ह आतां शोभेचा?” असें तिनें विचारलें. आम्ही म्हटलें, “शोभेचा नव्हे. तो अंगणांत पेटेल, उघड्यावर, आपल्या डोळ्यांदेखत. गडावर वारा सुटला कीं तुम्ही मुलें तो तंबूंत घ्याल. तेथें कापड पेट घेतें, कोंडलेल्या हवेंत कार्बन मोनॉक्साइडचा विषारी वायु सांचतो, आणि बाहेर पडावयास दार एकच असतें.” ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “काका, निदान पिन मारावयाला तरी मला शिकवा.”

डागडुजीचें मोल लोक वस्तु पुन्हां चालूं लागली यावरून ठरवितात. आम्हांला वाटतें, त्या तांबटाचें शेवटचें वाक्य त्याच्या डाखाहून मोलाचें होतें. त्यानें चांदीनें पितळ सांधलें, पण चांदीच्या चमकेखालीं पितळेचें वय झांकलें नाहीं. गेलेल्या माणसाची वस्तु जपणें योग्यच. पण त्यानें जिवापाड जपलेलें माणूस त्या वस्तूच्या हवालीं करणें ही त्याची आठवण नव्हे. आमचे बंधु असते तर त्यांनींहि लेकीला हेंच सांगितलें असतें, आणि मग स्वतः पंप मारावयास बसले असते.