हिंदमाता : कापड, वारा आणि तेलाची कुपी

दादर पूर्वेचा हिंदमाता परिसर साड्यांच्या आणि कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. एका चित्रपटगृहाचे नाव सबंध वस्तीला मिळाले. हा भाग सखल आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा जोरदार पाऊस घेऊन आला की रस्त्यावर पाणी साचते आणि दुकानदार खालच्या फळीवरचे गठ्ठे वर चढवतात. पुढे दिवाळी येते. साड्यांच्या खरेदीबरोबर अभ्यंगस्नानासाठी सुवासिक तेल आणि उटणेही घरी जाते. कापड, मोसमी वारा आणि सुगंधी तेल यांचा या किनाऱ्याशी असलेला संबंध दोन हजार वर्षांचा आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हा समुद्रप्रवासाचा ग्रंथ लिहिला. इजिप्तहून भारताकडे येणारी जहाजे जुलैच्या सुमारास निघत. आज हिंदमात्याला ज्याची धास्ती वाटते, तोच वारा त्यांची शिडे भरत असे. या ग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल यांची नावे आहेत. सोपारक हे नगर प्राचीन जैन ग्रंथांतूनही परिचित आहे. पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून भडोचला उतरे; तेरच्या मालात साधे कापड आणि मलमल असे. उलट दिशेने येणाऱ्या मालात कच्ची काच आणि थोडे साधे सुगंधी तेल असे. राजासाठी मात्र उत्तम प्रतीची तेले वेगळी येत.

त्याआधीच भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर नळीने फुंकून काच घडवण्याची कला उदयास आली होती. त्यामुळे काच स्वस्त झाली. रोममध्ये काचेचा पेला एका तांब्याच्या नाण्याला मिळतो, अशी नोंद स्ट्रॅबोने केली आहे. तेलाच्या कुपीची मान अरुंद असे. थेंब थेंब तेल पडावे आणि सुगंध उडू नये, हा त्यामागचा हेतू. स्नानापूर्वी रोमन लोक अंगाला तेल चोळत आणि धातूच्या वाकड्या पट्टीने मळासह ते खरवडून काढत. आपल्या अभ्यंगाचे हे दूरचे भावंडच म्हणावे.

सुगंधी तेलांसाठी लागणारी जटामांसी हिमालयातून भडोचमार्गे रोमला जाई. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि तो माल येथे शंभरपट किमतीला विकला जातो, अशी तक्रार प्लिनीने केली आहे. वनस्पती आपली, पण तिचे तेल करून ते कुपीत भरणारे हात दुसऱ्यांचे. नफ्याचा मोठा वाटा कोणाकडे गेला, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

बाजार केवळ मालावर चालत नाही, हेही ‘पेरिप्लस’ सांगतो. कल्याण पूर्वी रीतसर चालणारी पेठ होती. सत्ता पालटली, निर्बंध आले आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. वारा तोच होता, मालही तोच; हरवला तो निर्धास्तपणा.

त्या काळातील तेल केव्हाच उडून गेले. कापड मात्र पुरते नष्ट झाले नाही : तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके येथील उत्खननात भारतीय सुती वस्त्राचे तुकडे मिळाले आहेत. हिंदमात्याच्या फळीवरच्या गठ्ठ्याचे नाते तिथपर्यंत पोहोचते.