आत्याचे कुतूहल

पुस्तक वाचून माणूस शहाणा होतो यावर माझी श्रद्धा आहे. नसती, तर इतकी वर्षे कॉलेजात मराठी शिकवण्याचे धाडस मी केले नसते. म्हणूनच एका दिवाळीत अमेरिकेतल्या भाच्याने आमच्या घरात पोकर आणला आणि पहिल्याच रात्री माझे शंभर चिंचोके संपले, तेव्हा दैवाला दोष न देता मी पुस्तकाच्या शोधाला लागलो. भाचा परत गेला. शनिवारचा खेळ मात्र राहिला.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाच्या हाती दोन पाने, मध्ये सर्वांची मिळून पाच. त्या सातांतून उत्तम पाच जुळवायची. धीर नसेल तर पाने टाकायची, असेल तर मधल्या राशीत चिंचोके घालायचे. आमचा दर ठरलेला : आधी दोन, नंतर चार.

पहिले पुस्तक मिळाले ते हर्बर्ट यार्डलीचे, १९५७ सालचे. परकीयांचे सांकेतिक संदेश उलगडण्यात आयुष्य घालवलेला हा गृहस्थ गोष्ट मोठी झकास सांगतो. एका बैठकीत ते संपवले आणि पुढच्या शनिवारी आनंदाने हरलो. त्यातला पोकर जुन्या पद्धतीचा, आमचा निराळा!

दुसरे डॉइल ब्रन्सनचे. १९७६ आणि १९७७ या दोन्ही वर्षांचा जगज्जेता! चढाई करा, समोरच्याला पाने टाकायला लावा, हा त्याचा मंत्र. हातात काहीही नसताना मी चार चिंचोके ऐटीत पुढे सरकवले. आत्याने शांतपणे चार घातले आणि तिर्रीची जोडी दाखवली. "तुझ्याकडे काय आहे ते बघावंसं वाटलं रे!" हजारो डॉलर पणाला लागले की माणूस घाबरतो. चिंचोक्यांना कोण घाबरणार?

तिसरे पुस्तक २००४ सालचे, एड मिलर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांचे. खास छोट्या रकमांच्या खेळासाठी लिहिलेले. इथे लोक पाने टाकत नाहीत, तेव्हा हूल देऊ नका. चांगली पाने आली की राशीत भर घाला आणि बाकी हिशेब करा. चार बदाम जमले आहेत, एकच पान उलटायचे आहे. न दिसलेल्या ४६ पानांत बदाम ९. म्हणजे चार चिंचोके द्यायचे, तर राशीत निदान सतरा हवेत. मी हिशेब करू लागलो आणि जिंकू लागलो.

तिसऱ्या शनिवारी आत्याचा डबा रिकामा झाला. "झोप येतेय," म्हणून ती नऊलाच उठली. पुढच्या शनिवारी आलीच नाही.

मी तिच्या खोलीत गेलो. तिने विचारले, "त्या पुस्तकात माझ्याबद्दल काय लिहिलंय?"

प्रश्न बिनतोड होता. तिच्यासारख्यांबद्दलच तर ते सारे पुस्तक होते! मी कबूल केले, "जो उगाच बघायला जातो, त्याचे चिंचोके दुसऱ्याला मिळतात."

"ते मलाही कळतं," आत्या म्हणाली. "पण पानं टाकून नुसतं बसायचं, तर जागायचं कशाला?"

मला उत्तर सुचले नाही. पुस्तक निवडताना आपला खेळ कोणता, समोर माणसे कशी, हे सारे मी पाहिले होते. आपण खेळतो कशासाठी, एवढे पाहायचे तेवढे राहून गेले होते.

आता पुस्तक कपाटात आहे. शनिवारी आत्याची तिर्रीची जोडी पुन्हा दिसते, आणि माझे चिंचोके पुन्हा संपतात.