पायांखालची आच

रायपूरच्या सदर बाजारात, सराफांच्या पेढ्यांमागील गल्लीत, माझ्या दिवंगत वडिलांची पद्मिनी अजून उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर तयार होणाऱ्या या मोटारीला १९७४ पासून हे नाव मिळाले. जायसीच्या ‘पद्मावत’चा शेवट अग्नीत होतो, हे मी अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो, परंतु त्या नावातील दाह घरापर्यंत पोचला तो गेल्या मे महिन्यात.

दुर्गहून एका लग्नाहून परतलो, त्या रात्री आईच्या तळपायावर फोड दिसला. मधुमेहामुळे तिच्या पायांची संवेदना मंदावली आहे. तापलेल्या पत्र्यावर तासभर पाय टेकूनही तिला काही कळले नव्हते. चटका मलाही बसत होता. पण जुन्या गाडीत असे चालायचेच, म्हणून मी तो सोसत होतो. “ह्यांच्या वेळी असं कधी झालं नाही रे,” एवढेच ती म्हणाली. खरेच होते. वडिलांनी चटईखाली जाड नमदा अंथरला होता. दोन वर्षांपूर्वी तो कुबट म्हणून मीच फेकून दिला होता.

मिस्त्रीने प्रथम सायलेन्सरचा सांधा तपासला. तेथून धूर निसटत होता. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून उष्णतेच्या आधी त्याचा बंदोबस्त. मग अंधार पडल्यावर त्याने बॉनेटखाली दिवा लावून मला आत बसविले. इंजिन आणि बैठक यांमधील पत्र्याच्या भिंतीत प्रकाशाचे ठिपके उमटले. तारा आणि पेडल यांच्या भोवतीचे रबर वाळून चिरले होते. गरम हवा तेथूनच आत येत होती. भेगा बुजल्या, नवे ग्रोमेट बसले. सायलेन्सरच्या नळीवर, तळाच्या पत्र्यापासून बोटभर अंतर राखून, ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा बसविला. ते अंतर महत्त्वाचे. दोन्ही पत्रे एकमेकांना भिडले, तर एकाची आच दुसऱ्यात उतरते. आत आगरोधक नमदा पुन्हा आला.

साहित्याच्या तौलनिक अभ्यासात आम्ही सीमारेषांच्या सच्छिद्रतेचे कौतुक करतो. ते चुकीचे नाही. तारा भिंतीतून जाऊ दिल्या नाहीत, तर गाडी सुरूच होणार नाही. पण छिद्राच्या कडेला रबर कोणी घालायचे, हा प्रश्न आमच्या चर्चेत क्वचितच येतो. वडिलांनी तो न बोलता सोडविला होता आणि त्यांचे उत्तर मी कचऱ्यात टाकले होते.

आईचा पाय भरून यायला दीड महिना लागला. आता तिला घेऊन निघालो, की मी दर वीस मिनिटांनी गाडी थांबवितो, तिची पावले उचलून खाली स्वतःचा तळहात टेकवितो आणि मगच पुढे निघतो.