नगरचे डीडी

पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र साऱ्या देशाला ठाऊक आहेत. त्यांच्या जन्माच्या जेमतेम दोन महिने आधी, १५ नोव्हेंबर १९१७ रोजी, याच जिल्ह्यातल्या नगर शहरात दत्ता डावजेकर जन्मले. संगीताच्या दुनियेत सगळे त्यांना डीडी म्हणत. १९ सप्टेंबर २००७ रोजी, नव्वदी गाठायला दोन महिने उरले असताना ते गेले. गाणी मागे राहिली; नाव मात्र हळूहळू पुसट होत गेलं, आणि याची मला फार खंत वाटते.

वडील कीर्तनात तबल्याची साथ करत. लय घरातच होती. पण डीडींचं खरं मोठेपण मला दिसतं ते आवाज ओळखण्यात. १९४३ च्या 'माझं बाळ' या चित्रपटात दहा वर्षांच्या आशाबाईंनी पहिल्यांदा चित्रपटासाठी गायलं, ते त्यांच्याच संगीतात. पुढे काही वर्षांनी 'आप की सेवा में'साठी लताबाईंनी हिंदीतलं पहिलं पार्श्वगायन केलं, तेही डीडींकडे. तेव्हा लताबाईंनी विशीही गाठली नव्हती. दोघी बहिणींच्या सुरुवातीला एकच संगीतकार असणं हा नुसता योगायोग मानायला माझं मन तयार नाही.

'वैशाख वणवा'त तर त्यांनी नाखव्याचं गाणं जितेंद्र अभिषेकींकडून गाऊन घेतलं. ख्यालगायकाला होडीच्या ठेक्यावर बसवायचं, तेही त्याच्या गळ्याचा कस न लपवता! १९६७ मध्ये 'संथ वाहते कृष्णामाई'चं शीर्षकगीत सुधीर फडक्यांनी, म्हणजे बाबूजींनी, गायलं. शब्द गदिमांचे. गदिमा आणि बाबूजी एकत्र आले की चालही बाबूजींचीच, असं आपण धरूनच चालतो. म्हणून कितीतरी रसिक आजही ही चाल त्यांच्या नावावर टाकतात. ती डीडींची आहे. नदीच्या वेगानेच चाललेली, कुठे घाई नाही, वाद्यांचा गलबला नाही. हा संयम मिळवायला संगीतकाराला उभं आयुष्य लागतं. शिवाय ते कवी होते; स्वतःच्या काही गाण्यांचे शब्दही त्यांचेच.

नगरकरांना एकच विनंती आहे. १५ नोव्हेंबरला शहरात डीडींच्या गाण्यांची एक मैफल दरवर्षी व्हावी, आणि प्रत्येक गाण्याआधी निवेदकाने गायकाच्या बरोबरीने संगीतकाराचं नाव स्पष्ट उच्चारावं.